चष्मा उतरवण्याचा इतिहास

रमजान ईदनंतरच्या आठवड्यात मी आपाकडे गेले होते. पाहुणे ओसरल्यावर आपाने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. भाचीला स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर ओळखीतलं. सगळं जुळत होतं. फक्त जाता जाता मुलाच्या आईने विचारलं होतं, "चश्मा हमेशा लगाती क्या?"

भाचीचा नंबर उणे साडेपाच आहे. सातवीपासून चष्मा. फार्मसी शिकून ती दुकानात नोकरी करते, औषधांच्या पट्टीवरची बारीक अक्षरं दिवसभर वाचते. त्या एका प्रश्नाने आपाची झोप उडाली होती. "लेझरने नंबर जातो म्हणे. टाका नाही, पट्टी नाही, आता तर वरचा पापुद्राही कापत नाहीत, बारीकशी चीर देतात. तू शिकलेली आहेस, नीट माहिती काढून सांग," ती म्हणाली.

मी बी.एड. झालेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत माझा अधिकार शून्य. पण हा विषय मला जवळचा आहे. वीसेक वर्षांपूर्वी मला बघायला आले तेव्हा अम्मीने माझा चष्मा काढून कपाटात ठेवला होता. मी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर गेले तर समोर चार धूसर आकार बसलेले. त्यातला नवरा मुलगा कोणता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. निकाहनंतर घरात पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा लक्षात आलं, त्यांनीही त्या दिवशी आपला चष्मा खिशात ठेवला होता.

योगायोग असा की त्याच रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात एक संदेश आला. दाढी आणि पगडीवाल्या एका विद्वानाचं चित्र आणि खाली मजकूर : डोळ्यांचं ऑपरेशन मुसलमानांनी शोधलं, आजचं लेझर ही आपलीच देणगी, जास्तीत जास्त शेअर करा. म्हणजे माझ्यापुढे दोन प्रश्न आले. हे आपलं आहे का, आणि हे भाचीने करावं का. वाचत गेले तसं कळलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच रस्त्यावर आहेत.

चित्रातले विद्वान होते इब्न अल-हैथम. जन्म बसऱ्यात, इ.स. ९६५च्या सुमारास, आणि आयुष्याचा मोठा काळ कैरोत गेला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं, असं ग्रीकांपैकी अनेक मोठे लोक मानत. इब्न अल-हैथम यांनी 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात हे मोडून काढलं. उजेड वस्तूवरून निघतो आणि डोळ्यात येतो, हे त्यांनी प्रयोग करून मांडलं. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शतकानुशतकं वाचला गेला. त्यांच्याच काळात, त्याच कैरोत, खलिफा अल-हाकिमच्या राजवटीत अम्मार बिन अली अल-मौसिली नावाचे नेत्रवैद्य होते. मोतीबिंदू सुईने मागे ढकलण्याची पद्धत तेव्हा जुनी झाली होती, आपल्याकडे सुश्रुतांच्या ग्रंथातही ती आहे. अम्मार यांनी पोकळ सुई वापरून मोतीबिंदू ओढून बाहेर काढला आणि अशा शस्त्रक्रियांच्या हकिगती लिहून ठेवल्या.

नेत्रवैद्याला अरबीत 'कह्हाल' म्हणत. शब्द 'कुहल'वरून आला, म्हणजे सुरमा. (याच कुहलपासून युरोपात 'अल्कोहोल' हा शब्द तयार झाला, हे वर्गात सांगितलं की मुलं कान टवकारतात.) बुबुळावरच्या पारदर्शक काचेला डॉक्टर 'कॉर्निया' म्हणतात. त्यामागे अरबी 'करनिय्या' आहे, 'कर्न' म्हणजे शिंग. तासून पातळ केलेल्या शिंगासारखा पारदर्शक तो करनिय्या. पण अरबांनीही ही कल्पना ग्रीकांकडून घेतली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन बिन इसहाक यांनी ग्रीक वैद्यक अरबीत आणलं, आणि हुनैन स्वतः ख्रिस्ती होते.

तेव्हा गटावर मी उत्तर लिहिलं : मोतीबिंदूच्या इतिहासात आपले लोक नक्की आहेत, दृष्टीच्या शास्त्रात तर फारच वरच्या जागी आहेत. पण चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया त्यांनी शोधली नाही, तसं त्यांच्या मनातही नव्हतं. शिवाय इब्न अल-हैथम एका ठिकाणी चुकले होते. पाहण्याची जाणीव डोळ्यातल्या भिंगात होते असं ते जुन्या ग्रीक वैद्यकाला धरून मानत. प्रतिमा मागच्या पडद्यावर उमटते हे १६०४ मध्ये केपलरने दाखवलं. एका चुलतभावाला माझं हे लिहिणं आवडलं नाही. "आपल्याच माणसांच्या चुका कशाला काढतेस?" त्याला मी सांगितलं की इब्न अल-हैथम यांनी टॉलेमीसारख्या थोर ज्योतिर्विदाच्या चुका दाखवणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं नाव 'अल-शुकूक' म्हणजे 'शंका' असंच ठेवलं. शंका घ्यायला ते घाबरले नाहीत, मग आपण त्यांच्यावर शंका घ्यायला का घाबरायचं? गटात शांतता पसरली. नंतर कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं.

दूरचं न दिसणाऱ्यांची सोय बरीच शतकं फक्त चष्म्यानेच झाली. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला, तोसुद्धा आधी जवळचं वाचण्यासाठी. उणे नंबरवाल्यांना आणखी थांबावं लागलं. या नंबरामागचं कारण साधं आहे. डोळ्यात शिरणारा उजेड वाकवण्याचं दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो. डोळा लांबट असला किंवा कॉर्नियाचा बाक जास्त असला की चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि दूरचं पुसट दिसतं. मग कॉर्नियाच थोडा सपाट केला तर? कॉर्नियाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. सगळा खेळ या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

इथून पुढचा इतिहास मी दोनदा वाचला, कारण तो भाचीला लागू होता.

१९३९च्या सुमारास टोकियोत जुन्तेन्दो विद्यापीठाचे डॉ. त्सुतोमू सातो यांनी कॉर्नियावर किरणांसारख्या चिरा देऊन तो सपाट करण्याचे प्रयोग सुरू केले. पुढच्या दीड दशकात शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. नंबर खरोखर कमी होत होता. पण सातो चिरा कॉर्नियाच्या आतल्या बाजूनेही देत. तिथे पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर टाकत राहतो. माणसात हा थर पुन्हा वाढत नाही. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. साधारण वीस वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया सुजू लागले, धुरकट झाले, आणि बहुतेकांची नजर गेली. चष्मा नको म्हणून जे पंचविशीत टेबलावर झोपले होते, त्यांच्या पंचेचाळिशीत डोळ्यांपुढे धुकं आलं.

मी हे वाचलं तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं. पुस्तक मिटून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सातो लबाड नव्हते. त्यांच्या समोरच्या तक्त्यावर रुग्ण खरोखर खालच्या ओळी वाचत होते. वीस वर्षांनंतरचा तक्ता त्यांच्यापाशी नव्हता.

१९७०च्या दशकात मॉस्कोचे डॉ. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी ही कल्पना पुन्हा हाती घेतली आणि चिरा फक्त बाहेरून दिल्या. एका मुलाचा चष्मा फुटून काचा डोळ्यात गेल्या, कॉर्नियावर ओरखडे उठले आणि बरा झाल्यावर त्याचा नंबर उतरलेला होता, अशी त्यामागची गोष्ट सांगितली जाते. फ्योदोरोव यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या पट्ट्यावर झोपून एका सर्जनपुढून दुसऱ्यापुढे जात आणि प्रत्येक सर्जन एकच टप्पा करी. अमेरिकेत ही पद्धत पोहोचली तेव्हा तिथल्या सरकारी मदतीने एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचा दहा वर्षांचा अहवाल १९९४ मध्ये आला. ४३ टक्के डोळ्यांमध्ये नंबर उलट दिशेने, अधिकच्या बाजूला, एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. चिरांनी कॉर्निया कमकुवत केला होता आणि तो हळूहळू आकार बदलतच राहिला. मे १९९६ मध्ये बेक वेदर्स नावाचे अमेरिकन डॉक्टर एव्हरेस्टवर चढत होते. त्यांच्या डोळ्यांची हीच शस्त्रक्रिया झालेली होती. विरळ हवेत कॉर्नियाचा आकार बदलला आणि त्यांना दिसेनासं झालं. वाटेत थांबावं लागलं, वर वादळ आलं. ते जिवंत परतले, पण एक हात गमावून.

इतके दिवस हत्यार पातं होतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. होसे बाराकेर कॉर्नियाचा वरचा थर काढून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा शिवत असत. कल्पना अजब, हात सोन्याचे, पण हे सगळ्यांना जमण्यासारखं नव्हतं. तरी 'वरचा थर उचलून आतून कोरायचं' ही पुढच्या लॅसिकची मूळ कल्पना त्यांचीच.

मग लेझर आलं, आणि तेही दवाखान्यातून आलं नाही. न्यूयॉर्कजवळ आयबीएम कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथे संगणकाच्या चकत्यांवर बारीक नक्षी कोरण्यासाठी 'एक्सायमर' नावाचं अतिनील लेझर वापरलं जाई. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन तिथे रसायनशास्त्रज्ञ होते. सोबत जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम. हे लेझर प्लास्टिक कोरतं, मग जिवंत शरीराचा भाग कोरेल का, असा प्रश्न त्यांना पडला होता. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या दिवशी घरोघरी टर्की शिजते. २७ नोव्हेंबर १९८१, सणाच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत आले आणि त्यावर लेझर सोडलं. कड स्वच्छ आली. करपलेलं काहीच नव्हतं. साध्या हिरव्या लेझरने तोच प्रयोग केला तर जागा जळून काळी पडली. एक्सायमरची किरणं पेशींमधले रासायनिक बंधच तोडतात आणि सुटलेला कण उडून जातो, उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या बिर्याणीपलीकडे आपली मजल जात नाही, असं मी हे सांगताना वर्गात म्हणाले आणि मुलींनी खूप हसून घेतलं.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रॉकेल यांनी श्रीनिवासन यांच्याशी संपर्क साधला आणि १९८३ मध्ये कॉर्नियावरच्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्राणी झाले, अंध डोळे झाले. पण दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा कुणी आणि कसं करायचं? १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. मार्गरिट मॅकडोनल्ड यांच्याकडे एक बाई आल्या. कर्करोगामुळे त्यांचा डोळा काढावाच लागणार होता, पण त्या डोळ्याला दिसत होतं. काढण्याआधी त्यावर प्रयोग करा, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. तसं झालं. आज चौकाचौकात 'चष्म्यापासून मुक्ती'चे फलक दिसतात, त्यांच्या मुळाशी ही बाई आहे. काढला जाणारा डोळा तिने शेवटचा उपयोगाला लावला. मला इतिहासातल्या या बाईचा अभिमान इतर कुठल्याही नावापेक्षा जास्त वाटला.

१९९५ मध्ये अमेरिकेने या पद्धतीला परवानगी दिली. त्यात कॉर्नियाचं वरचं नाजूक आवरण खरवडून लेझर मारत. काही दिवस चांगलंच दुखे, कधी धुरकटपणा राही. क्रीट बेटावरचे डॉ. इओआनिस पल्लिकारिस यांनी त्याआधीच, १९९०च्या आसपास, बाराकेर यांचा थर आणि एक्सायमरचं कोरणं एकत्र आणलं. त्यातून लॅसिक झालं : पुस्तकाचं पान उलटावं तसा पापुद्रा उलटायचा, आत कोरायचं, पान पुन्हा मिटायचं. दुखणं जवळजवळ संपलं. अशाच कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९८९ मध्ये गुलाम पेमान यांना मिळालं होतं. त्यांचा जन्म शिराजचा, म्हणजे सादी आणि हाफिजच्या गावचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी श्रीनिवासन, वाइन, ब्लम आणि पेमान यांना एकाच समारंभात राष्ट्रीय पदक दिलं. गटावर पाठवायला ही ओळ छान होती. मी पाठवली नाही, पुन्हा 'आपण शोधलं' सुरू झालं असतं.

लॅसिकलाही किंमत होती. पापुद्र्यासाठी जवळपास पूर्ण गोलाकार, साधारण वीस मिलिमीटर लांब छेद घ्यावा लागतो. त्यात कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून अनेकांचे डोळे काही महिने कोरडे राहतात. जोरदार मार लागला तर पापुद्रा सरकू शकतो. आणि १९९८ मध्ये जर्मन डॉक्टर थेओ झाइलर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुळातच कमकुवत कॉर्निया असलेल्यांमध्ये लॅसिकनंतर तो पुढे फुगत जाऊ शकतो.

पुढची पायरी एका अपघाताने पडली. अतिशय लहान आणि अतिशय ताकदवान लेझर स्पंद तयार करण्याची युक्ती जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये शोधली, त्यासाठी २०१८चं नोबेल मिळालं. हे स्पंद फेम्टोसेकंदांचे, सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. मूरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून हे किरण गेले. त्याला तपासणाऱ्या तरुण नेत्रडॉक्टर रॉन कर्ट्झ यांना डोळ्यातल्या जखमा विलक्षण आखीव दिसल्या. 'हे कोणतं लेझर?' हा प्रश्न विचारत ते प्रयोगशाळेत पोहोचले, आणि भौतिकशास्त्रज्ञ टिबोर युहास यांच्यासोबत त्यातून कॉर्निया कापणारं यंत्र उभं राहिलं. हे लेझर वरून काहीही न कापता कॉर्नियाच्या आत, ठरवलेल्या खोलीवर, सूक्ष्म बुडबुड्यांची रांग मांडून थर अलग करू शकतं.

मग पापुद्र्याची गरजच काय? जर्मनीचे वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी हा प्रश्न विचारला. लेझरने कॉर्नियाच्या पोटातच, नंबराच्या मापाची, भिंगासारखी पातळ चकती मोकळी करायची आणि कडेच्या दोन-चार मिलिमीटरच्या चिरेतून चिमट्याने ओढून काढायची. हीच 'स्माइल' पद्धत, आपाने ऐकलेली. पहिले निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले, आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या वडोदऱ्यातल्या डॉक्टरांचा निबंधही आला. अमेरिकेने २०१६ मध्ये मान्यता दिली. वीस मिलिमीटरवरून दोन-चार मिलिमीटर. नसा कमी कापल्या जातात, कोरडेपणा कमी राहतो, सरकायला पापुद्राच नाही. ही प्रगती खरी आहे, मला ती मोडीत काढायची नाही. पण चीर लहान म्हणजे काढून घेतलेला कॉर्निया लहान, असं नाही. चकती आतून जातेच, आणि गेलेली परत येत नाही. शिवाय चाळिशी लागायची ती लागतेच. मराठीने वाचायच्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय, त्यातून लेझरने सुटका होत नाही.

मी हे सगळं आपाला आणि भाचीला सांगितलं. आपाला एवढंच कळलं की धोका कमी आहे. भाचीने सातोंची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

तपासणीला आम्ही तिघी पुण्याला गेलो. शस्त्रक्रियेचा खर्च एका नव्या स्कूटीएवढा होता, आपाने त्यासाठी भिशी उचलायचं ठरवलं होतं. डॉक्टर बाई तरुण होत्या, घाई नव्हती त्यांना. यंत्राने भाचीच्या कॉर्नियाचा नकाशा काढला, निळ्या-हिरव्या-लाल रंगांचा, भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा. भाचीने विचारलं, "मॅडम, वीस वर्षांनी काय होतं?" डॉक्टर म्हणाल्या, "या पद्धतीची नोंदच मुळात पंधरा-सोळा वर्षांची आहे. तिथपर्यंत चांगली आहे. त्यापुढचं मी कसं सांगू?" मग त्यांनी नकाशावर एका बाजूला बोट ठेवलं. तिथे कॉर्निया पातळ होता आणि बाक खाली झुकलेला. "तुझ्यासाठी मात्र कोणतंच लेझर नको. आजचं नाही, जुनं नाही. दर वर्षी नकाशा काढत जा, आणि डोळे चोळू नकोस."

आपाने दोनदा विचारलं, काही औषध, काही दुसरा उपाय. डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं. मला त्या बाईंचे आभार मानावेसे वाटले, बाहेर आल्यावर सुचलं, तेव्हा उशीर झाला होता.

त्या घरून पुन्हा फोन आला नाही. चष्म्यामुळेच की आणखी कशामुळे, हे आम्हाला कळलं नाही. आपा अजून महिन्यातून एकदा विषय काढते.

परतताना स्वारगेटला संध्याकाळची गर्दी होती. माझा लांबचा चष्मा पर्समध्ये आणि चाळिशी नाकावर, त्यामुळे एसटीच्या पाट्या मला दिसेनात. "खाला, सोलापूर तिसरी गाडी, चला लवकर," भाची म्हणाली, आणि दोघींच्या पिशव्या उचलून पुढे झाली.